पुढच्या चाकाची घरघर

प्रश्न : काका, मी हिर्डोशी खोऱ्यातून रोज पहाटे भोरला दूध घालतो. गाडी फोर बाय फोर पिकअप, सात वर्षं जुनी. पुढच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, हाताने फिरवायचे लॉक-फ्रीचे खटके आहेत. लावणीच्या दिवसांत गाडी पार खाचरापर्यंत नेली, ओढेही बरेच ओलांडले. गणपतीपासून पुढून घुंऽऽ असा आवाज येतो. चाळीसला सुरू होतो आणि साठला शेजारच्याशी बोलता येत नाही. उजवीकडून येतोय असं वाटलं म्हणून उजव्या चाकाचं बेअरिंग बदलून घेतलं, तरी आवाज तसाच. बिलात फक्त बेअरिंग आहे, दुसरं काही नाही. आता मिस्त्री म्हणतो, दोन्ही हब आणि पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला फेर वाटून देणारी गिअरपेटी) उघडून बघू. मागच्या आठवड्यात वरंधा घाटातून महाडला गेलो, तेव्हा उजव्या वळणांना आवाज वाढायचा, डाव्या वळणांना जवळजवळ बंद व्हायचा. क्लच दाबला तरी फरक पडत नाही. काय करू?

उत्तर : तुमचा दोष तुम्हीच शोधलाय. पत्राच्या शेवटी तीन ओळींत लिहिलाय आणि तिथेच सोडून दिलाय.

गाडी उजवीकडे वळते तेव्हा तिचं वजन डावीकडे कलतं. एसटीत उभं राहिलं की आपणही तसेच कलतो. म्हणजे उजव्या वळणाला भार डाव्या चाकाच्या बेअरिंगवर येतो आणि खराब बेअरिंग भाराखाली ओरडतं. डाव्या वळणाला तो भार निघून जातो, म्हणून ते गप्प बसतं. तुमचं डावं बेअरिंग वाजतंय. बदललं उजवं.

मग आवाज उजवीकडून का वाटला? कारण तुम्ही उजवीकडे बसता. काच उघडी असते, घाटात दरडीवरून आवाज परत कानावर येतो, आणि चासीच्या लोखंडातून घरघर कुठूनही कुठेही जाते. गाडी चालवताना कानाने फक्त वळण ओळखावं, बाजू ओळखायला जाऊ नये.

क्लच दाबून पाहिलात हे उत्तम केलंत. इंजिनाचा वेग उतरला तरी आवाज चाकाच्या वेगाबरोबर राहतो, म्हणजे इंजिन, क्लच यांचा संबंध नाही. पण खिशात हात घालण्याआधी अजून तीन गोष्टी करा.

पहिली टायरची. पुढच्या दोन्ही टायरवरून तळहात पुढे-मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं लागलं, तर तो टायरही असाच घुंऽऽ करतो. माझ्याकडे बेअरिंग बदलायला आलेल्या कितीतरी गाड्या मी टायर पुढचे मागे करून परत पाठवल्या आहेत. गिऱ्हाईक कमी पैसे देतं आणि वर शंकाही घेतं, पण आवाज मागे गेलेला त्याला स्वतःलाच ऐकू येतो. टायरचा आवाज खडबडीत रस्त्यावरून गुळगुळीत रस्त्यावर गेलं की बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही.

दुसरी खटक्यांची. सपाट रस्त्यावर ट्रान्सफरचा दांडा टू-एचमध्ये (फक्त मागची चाकं ओढतात तिथे) ठेवून एकदा दोन्ही हब फ्री करून चालवा, एकदा दोन्ही लॉक करून. हब फ्री असताना फक्त चाक फिरतं, आतला अ‍ॅक्सल उभा राहतो. लॉक केलं की अ‍ॅक्सल, डिफरन्शियल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट सगळेच चाकाबरोबर फिरायला लागतात. आवाज दोन्ही वेळा सारखाच असेल तर तो चाकाच्या बेअरिंगचा. फक्त लॉकमध्ये येत असेल तर दोष आत आहे : स्पिंडलमधली (हब ज्यावर फिरतं त्या पोकळ दांड्यातली) बुश, अ‍ॅक्सलचा जॉइंट नाहीतर डिफरन्शियल. आणि लॉक केल्यावर आवाज चक्क थांबला, तर लॉकिंग हबचाच आतला भाग झिजलाय, कारण हब फ्री असतानाच तो भाग अ‍ॅक्सलबरोबर उभा राहतो आणि चाक त्याच्याभोवती फिरतं. तुमच्या मिस्त्रीने डिफरन्शियल उघडायचं म्हणण्याआधी एवढं केलं असतं तर फुकटात उत्तर मिळालं असतं.

खटका नीट पूर्ण फिरलाय ना, हेही बघा. चिखल सुकून बसला की तो लॉक आणि फ्रीच्या मधेच अडकतो, मग दात दातांवरून घसरतात आणि करर्र-करर्र येतं. तो आवाज वेगळा, घुंऽऽ नव्हे. एक हब लॉक आणि एक फ्री असं तर कधीच ठेवू नका. चढावर डिफरन्शियल सगळा फेर मोकळ्या बाजूला देतं आणि पुढचा अ‍ॅक्सल असून नसल्यासारखा होतो. (हे हब मुळात आले ते महायुद्धातून उरलेल्या विलीज जीपा साध्या रस्त्यावर चालवता याव्यात म्हणून. वॉर्न नावाच्या अमेरिकी गृहस्थाने ते १९४८च्या सुमारास विकायला सुरुवात केली. आपल्याकडे मात्र गाडी विकेपर्यंत खटक्याला हात न लावणारे मालक मी पाहिलेत.)

तिसरी जॅकची. मागच्या चाकांना उटी लावा, हँडब्रेक ओढा, पुढचं डावं चाक उचला आणि अ‍ॅक्सलखाली स्टँड किंवा जाड लाकडी ठोकळा द्या. दगड-विटा नकोत, वीट सांगून फुटत नाही. हब फ्री ठेवा. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खडखड लागली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्या खिळीवर वळतं तिचा. मग एक हात स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवून दुसऱ्या हाताने चाक जोरात फिरवा. चांगलं बेअरिंग पाट्याला कळूही देत नाही. खराब असेल तर वाळू दळल्यासारखी बारीक थरथर हाताला लागते. खेळ अजिबात नसतानाही ही थरथर असू शकते, म्हणून नुसतं हलवून ‘ठीक आहे’ म्हणू नका. मग उजवं चाक उचलून तसंच करा आणि दोन्हींची तुलना करा.

ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रं-गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात, भरती झालो तेव्हा सिकंदराबादला आमचे उस्ताद लांब पेचकसाची मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकायला शिकवायचे. आम्ही हसायचो. पुढे लेहला एका जोंग्याचं (लष्करी जीपचं) पुढचं बेअरिंग मी स्वतः बसवलं आणि तरुणपणाच्या जोरात नट असा आवळला की कारूला पोचेपर्यंत हबवर हात ठेवता येईना. उघडलं तर रोलर निळे पडले होते. तेव्हापासून पेचकसावर हसणं बंद झालं आणि नटाला हात लावताना आजही तो निळा रंग आठवतो.

म्हणून तुमचं डावं हब उघडाल तेव्हा समोर उभे राहा. आधी ग्रीसचा रंग बघा. दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. तसंच असणार, असं मला वाटतं. रस्त्यावर चालून हब तापलेलं असतं, ते तसंच ओढ्यात घातलं की आतली हवा एकदम आकसते आणि जुन्या सीलच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) कडेतून पाणी आत ओढून घेते. ओढ्याआधी पाच-दहा मिनिटं थांबलं तरी पुष्कळ फरक पडतो, पण पहाटे दुधाची घाई असलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नाही, हे मला कळतं. तर मग निदान पावसाळा संपला की दरवर्षी हब उघडून ग्रीस बदला.

बेअरिंग आतलं आणि बाहेरचं, दोन्ही घ्या, आणि कपासकट घ्या. कप म्हणजे हबमध्ये बसणारं बाहेरचं कडं, कोन म्हणजे रोलर असलेलं आतलं. जुन्या कपावर नवा कोन बसवला तर कपातले खड्डे नव्या रोलरना खातात. सील नवीन घ्या. कप काढायला-बसवायला पितळी पंच वापरा, पोलादी छिन्नी नको. ग्रीस तळहातावर घेऊन कोनाच्या रुंद कडेने दाबत राहा, रोलरच्या मधून पलीकडे निघेपर्यंत. वरून थापलेलं ग्रीस नुसतं दिसायला असतं. नट आवळताना चाक फिरवत राहायचं म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग नट सैल करून मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने पुन्हा लावायचा आणि लॉक वॉशरची पाकळी नीट वळवायची. शंभरेक किलोमीटर झाले की चाक पुन्हा उचलून खेळ बघा.

उजवीकडचंही उघडावं लागेल. बिलात सील नाही, कप नाही. नव्या बेअरिंगच्या शेजारी सात वर्षांचं सील बसलंय, पुढच्या लावणीला ते तुम्हाला पुन्हा पत्र लिहायला लावेल.

प्रश्न : पुढून चीं-चीं येते, ब्रेकला पाय लावला की थांबते. हब गेलं का? — एक वाचक, जावळी

उत्तर : नाही. ब्रेकला पाय लावल्यावर थांबते म्हणजे बहुतेक ब्रेकचं पॅड डिस्कला हलकंसं घासून थरथरत असेल. क्वचित डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकतो किंवा पत्रा वाकून डिस्कला घासतो. चाक काढा, पत्रा घासत असेल तर डिस्कपासून जरा लांब वाकवा. पॅड संपत आलेत का तेही त्याच वेळी बघून घ्या.

प्रश्न : दादाने नवी गाडी घेतली. फोर-एचमध्ये (चारही चाकं ओढतात त्या गिअरात) टाकून पेट्रोल पंपावर पूर्ण वळवली की गाडी धक्के देते, पुढून कट्-कट् होतं. शोरूमवाले म्हणतात काही नाही. ते खोटं बोलतायत का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : धक्क्यांबद्दल खरं बोलतायत. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, पण अशा गाडीत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेला असतो. चिखलात चाक थोडं घसरून हिशोब भागवतं, पंपावरच्या कोरड्या काँक्रीटवर घसरायला जागा नसते. कट्-कट् मात्र वेगळी बघा. चिखलात किंवा गवतावर, फोर-एचमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. तिथेही ती चाकाच्या फेऱ्याबरोबर ठेक्यात येत असेल तर अ‍ॅक्सलचा जॉइंट तपासायला सांगा. नवी गाडी आहे, वॉरंटीत होईल. पंपावर मात्र टू-एचमध्येच वळवायला सांगा दादाला.