तारकर्लीनंतर मॉन्टेरे: थंड पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तारकर्लीला ओपन वॉटर अभ्यासक्रम पूर्ण केला, अंदमानात काही डाइव्ह झाले, आता नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात सॅन होजेला आला आहात, आणि सव्वा-दीड तासाच्या अंतरावरील मॉन्टेरेच्या थंड, हिरवट पाण्यात उतरण्यात अर्थ आहे की वर्षातून एकदा हवाईला जाणेच बरे, हे ठरत नाही. केल्पमध्ये, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शैवालाच्या जंगलात, अडकण्याची आणि शार्कची भीतीही तुम्ही बोलून दाखवली आहे. माझे मत असे की मॉन्टेरेला जरूर उतरावे. मात्र तयारीचा वेळ अंगावरचा सूट आणि लाटांचा अंदाज यांवर खर्च करावा, कारण नवख्या डायव्हरची फजिती किंवा अपघात बहुतेक वेळा तेथेच होतो.

आधी पाणी समजून घ्या. मॉन्टेरे उपसागराच्या किनाऱ्यालगत तापमान वर्षभर साधारण १० ते १५ अंश सेल्सिअस असते, आणि सर्वांत थंड पाणी बहुधा डिसेंबर-जानेवारीत नव्हे, एप्रिल-मेमध्ये लागते. वसंतात वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहू लागला की पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून बाहेरच्या समुद्राकडे सरकते, आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड, नायट्रेटसारख्या पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म प्लवक माजते, पाणी हिरवे होते, दृश्यता कधीकधी तीन-चार मीटरवर येते, आणि त्याच पोषणावर केल्पची जंगले, माशांचे थवे आणि त्यांवर जगणारे सगळे प्राणी उभे राहतात. भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, विशेषतः केरळ-कर्नाटकाच्या बाजूला, पावसाळ्यात हीच क्रिया घडते आणि तारलीच्या मोसमाचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. पण त्या महिन्यांत आपल्याकडे डायव्हिंग बंद असल्यामुळे आपल्याला ती पाण्याखालून कधी दिसत नाही. मॉन्टेरेची कॅनरी रो ही जुनी कारखान्यांची रांगदेखील तारलीच्याच डबाबंद मासळीवर उभी राहिली होती. म्हणून येथे स्वच्छ पाणी आणि भरपूर जीवसृष्टी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागणे फारसे शहाणपणाचे नाही. त्यातल्या त्यात दोन्ही साधायचे असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ निवडावा. वारा मंदावलेला असतो, हिवाळी वादळे सुरू झालेली नसतात, आणि दहा-बारा मीटरपर्यंत, नशीब चांगले असेल तर त्याहून अधिक दिसते.

आता सूट. तारकर्लीला तीन मिलिमीटरचा सूट पुरला असेल. येथे किमान सात मिलिमीटरचा पूर्ण वेटसूट, त्याला जोडलेली किंवा वेगळी टोपी, पाच मिलिमीटरचे हातमोजे आणि जाड तळाचे बूट लागतात. वेटसूटच्या निओप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात आणि उष्णतारोधनाचे काम तेच करतात. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट झाला की ते बुडबुडे दबतात, म्हणजे जेथे थंडी अधिक तेथेच सूट पातळ होतो, आणि त्याबरोबर त्याची तरंगण्याची शक्तीही कमी होते. पृष्ठभागावर तुम्हाला खाली जाण्यासाठी दहा-बारा किलो शिसे बांधावे लागेल आणि तळाशी तेच शिसे जड वाटू लागेल, त्यामुळे बीसीडीत, म्हणजे अंगातल्या फुगवता येणाऱ्या जाकिटात, हवा भरून ते सांभाळावे लागेल. उष्ण पाण्यात सहज जमलेले उत्प्लावकतेचे तंत्र येथे पुन्हा शिकावे लागते, याची लाज वाटण्याचे कारण नाही. वजनाचा अंदाज दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. डाइव्हच्या शेवटी सिलिंडरमध्ये सुमारे ५०० पीएसआय, म्हणजे ३५ बार हवा उरली असताना, बीसीडी रिकामे ठेवून पाच मीटरवर स्थिर राहता येते का, ते पाहा. पूर्ण भरलेल्या नेहमीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरमधील हवेचेच वजन अडीच किलोच्या वर असते, त्यामुळे सुरुवातीला नेमके वाटलेले वजन शेवटी कमी पडते.

वर्षात सात-आठ वेळांपेक्षा अधिक उतरण्याचा विचार असेल, तर माझा सल्ला सरळ ड्रायसूटकडे, म्हणजे आत पाणी शिरू न देणाऱ्या सूटकडे, वळण्याचा आहे. तो महाग असतो, त्याचा वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि सूटमधील हवा पायांकडे गेल्यावर उलटे न होता ती कशी काढायची याचा सराव प्रशिक्षकासमोरच करावा लागतो. परंतु थंडीचा परिणाम केवळ कुडकुडण्यापुरता नसतो. हवा लवकर संपते, बोटे बकल उघडण्याइतकी चपळ राहत नाहीत, आणि मन एकाच गोष्टीवर अडकून पडते. दुसऱ्या डाइव्हला होणाऱ्या चुका पुष्कळदा पहिल्या डाइव्हच्या थंडीतून येतात. वेटसूट वापरणारे अनुभवी लोक थर्मासमध्ये कोमट पाणी आणतात आणि उतरण्यापूर्वी हातमोज्यांत व सूटमध्ये ओततात. ही युक्ती साधी असली तरी पहिली पाच मिनिटे फार सुसह्य करते. दुसरा थर्मास चहाचा असावा, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको.

केल्पविषयीची भीती मात्र अर्ध्याहून अधिक अनावश्यक आहे. येथील मुख्य जात, मॅक्रोसिस्टिस, तळाच्या खडकाला मुळांसारख्या दिसणाऱ्या पकडीने चिकटलेली असते, वायूने भरलेल्या छोट्या फुग्यांच्या आधारे उभी राहते, अनुकूल स्थितीत दिवसाला ३० सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढते, आणि पृष्ठभागावर पोचल्यावर आडवी पसरून छत तयार करते. छताखाली दोन दांड्यांमधून पोहणे सोपे असते. अडचण वर येताना होते. त्यामुळे हवा पुरेशी राखून, होकायंत्राच्या आधारे छताबाहेर येऊन मगच वर यावे. तरीही मध्येच वर यावे लागले, तर हात वर करून पाने बाजूला सारत यावे, जागच्या जागी गिरक्या घेऊ नयेत, आणि छतावरून जावे लागले तर पाय न मारता हातांनी दांडे खाली दाबत पोटावर पुढे सरकावे. एखादा दांडा सिलिंडरच्या तोंडात किंवा फिनच्या पट्ट्यात अडकला, तर ओढू नका, कारण ओढल्यास तो दोरासारखा ताणला जातो. दुमडून मोडला की कोवळ्या भेंडीप्रमाणे कटकन तुटतो. लोंबणारे गेज आणि ऑक्टोपस (श्वासासाठीची राखीव नळी) अंगाशी बांधून ठेवले, सुरी पायाच्या आतल्या बाजूला लावली, आणि बडी, म्हणजे जोडीदार डायव्हर, हाताच्या अंतरावर असला, तर अडकणे ही अर्ध्या मिनिटाची कटकट ठरते.

लाटांकडे मात्र गांभीर्याने पाहावे. भारतात बहुतेक वेळा आपण होडीतून उतरतो, त्यामुळे किनाऱ्यावरून फेसातून आत जाण्याचा सराव नसतो. निघण्याच्या आदल्या रात्री आणि सकाळी ४६०४२ व ४६२४० या क्रमांकांच्या बोयांची, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या उपकरणांची, नोंद पाहण्याची सवय लावा. पहिला उपसागराबाहेर खोल समुद्रात आहे, दुसरा पॅसिफिक ग्रोव्हच्या जवळ. लाटेची उंची सगळेच पाहतात, परंतु दोन लाटांमधील सेकंद अधिक महत्त्वाचे असतात. आठ सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातील लांबी सुमारे १०० मीटर असते, तर सोळा सेकंदांच्या लाटेची सुमारे ४०० मीटर, आणि लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते. म्हणूनच दीड मीटर उंचीची, पण सोळा सेकंदांची लाट वरून निरुपद्रवी दिसते आणि बारा मीटरवर तुम्हाला खडकाशी पुढे-मागे झुलवते. दिशाही पाहावी: दक्षिणेकडून येणारी लाट द्वीपकल्पाच्या आतल्या किनाऱ्याला फारशी लागत नाही, वायव्येची मात्र वळून आत येते. किनाऱ्यावर उभे राहून पंधरा मिनिटे लाटांचे गट मोजल्याशिवाय सूट चढवू नका, आणि शंका वाटली तर न उतरता परत फिरा. पेट्रोल वाया गेल्याचे दुःख अशा वेळी करू नये.

शार्कविषयी एवढेच सांगतो की पांढरे शार्क या पाण्यात आहेत, आणि जून २०२२ मध्ये लव्हर्स पॉइंटजवळ पोहणाऱ्या एका व्यक्तीला त्यातील एकाने गंभीर जखमी केले होते. तरीही पाण्याखालील डायव्हरशी असे प्रसंग अत्यंत विरळ आहेत. डायव्हरांच्या मृत्यूंमागे हृदयविकार, हवा संपणे आणि घाबरून वेगाने वर येणे ही कारणे कितीतरी अधिक आढळतात.

पहिल्या डाइव्हसाठी ब्रेकवॉटर (लाटा अडवणारी दगडी भिंत), म्हणजे सॅन कार्लोस बीच, हीच जागा निवडा. वाळूचा सौम्य उतार आहे, पायऱ्या आणि अंग धुण्याची सोय आहे, आणि शनिवारी सकाळी प्रशिक्षकांची इतकी गर्दी असते की मदत नेहमी जवळ असते; उशीर केल्यास गाडी लावायला जागा मिळत नाही, हा तिचा एकमेव दोष. भिंतीच्या दगडांवर बॅट स्टार हे तारामासे, फुलासारख्या दिसणाऱ्या स्ट्रॉबेरी ॲनेमोनी या प्राण्यांचे गुलाबी गालिचे, दगडासारखाच दिसणारा कॅबेझॉन मासा आणि मोठ्या जबड्याचा लिंगकॉड दिसतील. हिवाळ्यात लिंगकॉडचा नर अंड्यांच्या पांढऱ्या पुंजक्यावर पहारा देतो आणि फार जवळ गेलेल्या कॅमेऱ्यावर धावून येतो. वाळूकडे वळून बारा-पंधरा मीटरवर गेलात की मेट्रिडियम ॲनेमोनींचे मैदान लागते, त्यातील काही हातभर उंच आणि फुलकोबीसारख्या माथ्याच्या असतात. वसंताच्या सुमारास माकुलांचे थवे अंडी घालायला उथळ पाण्यात आले, तर वाळूवर पांढऱ्या बोटांसारख्या अंडीकोशांचे पुंजके पसरलेले दिसतील. माकुल स्वतः अंडी घातल्यानंतर मरते. पाकट आणि लेपर्ड शार्कही वाळूत भेटतात; हा शार्क निरुपद्रवी आहे. समुद्रसिंह आपणहून जवळ येतात, त्यांच्यामागे जाऊ नये. समुद्री पाणमांजरांच्या बाबतीत तर अंतर राखणे कायद्यानेच आवश्यक आहे.

या पाणमांजरांचा उल्लेख आला म्हणून थोडे विषयाच्या कडेने जातो, कारण त्याशिवाय तळावर दिसणाऱ्या उजाड पट्ट्यांचा उलगडा होणार नाही. २०१३ पासून पॅसिफिक किनाऱ्यावर तारामाशांचे अवयव गळून पडणारा रोग पसरला आणि वीस-चोवीस हातांचा, मीटरभर रुंद होणारा सनफ्लॉवर तारामासा कॅलिफोर्नियातून जवळजवळ नाहीसा झाला. रोगामागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जीवाणू असल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. हा तारामासा जांभळ्या अर्चिनचा, म्हणजे केल्प खाणाऱ्या काटेरी गोल प्राण्याचा, मोठा भक्षक होता. त्याच सुमारास, २०१४ ते २०१६ या काळात, समुद्र असामान्य तापला, पोषक पाणी कमी झाले, केल्प अशक्त झाले, आणि कपारीत बसून गळून आलेली पाने खाणारे अर्चिन बाहेर पडून उभी झाडे कुरतडू लागले. उत्तरेकडे सोनोमा आणि मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर, जेथे पाणमांजरे उरलेली नाहीत, बुल केल्पची नव्वद टक्क्यांहून अधिक जंगले गेली. मॉन्टेरेत अर्चिन खाणारी पाणमांजरे आहेत म्हणून तुकड्यातुकड्यांनी जंगल टिकले. ती उजाड पट्ट्यांतले अर्चिन मात्र खात नाहीत, कारण उपाशी अर्चिनच्या कवचात खाण्याजोगे काही नसते. पाणमांजरांची खरी राखण उरलेल्या जंगलाच्या कडेला चालते, त्यामुळे पन्नास मीटरच्या अंतरात दाट केल्प आणि जांभळ्या काट्यांनी झाकलेला उघडा खडक असे दोन्ही दिसते. अर्चिन स्वतःहून फोडण्याचा उत्साह दाखवू नका. बहुतेक ठिकाणी तो गुन्हा ठरतो.

ब्रेकवॉटरला सात-आठ डाइव्ह निवांत झाल्यावर पॉइंट लोबोसला जा. १९६० मध्ये तेथील ७५० एकर पाण्याखालील क्षेत्र संरक्षित झाले आणि अमेरिकेत असे संरक्षण मिळालेले ते पहिले क्षेत्र मानले जाते. इतक्या वर्षांच्या मासेमारीबंदीचा परिणाम रॉकफिशच्या आकारावरूनच कळतो. व्हेलर्स कोव्हला उतरण्यासाठी आधी आरक्षण करावे लागते, दिवसाला मोजक्याच जोड्यांना परवानगी असते, आणि प्रमाणपत्र दाखवावे लागते, त्यामुळे शनिवार-रविवारची जागा बरीच आधी पाहून ठेवा. त्याच रस्त्यावर अलीकडे मोनॅस्टरी बीच लागतो. समुद्राखालील कार्मेल दरीचे टोक किनाऱ्याच्या अगदी जवळ असल्याने तेथील डाइव्हची ख्याती तुमच्या कानावर येईल. परंतु जाड्या वाळूचा तीव्र उतार आणि त्यावर एकदम फुटणारी लाट यांमुळे तेथे अनेक जीव गेले आहेत. येथल्या लाटांतून आत-बाहेर करणे अंगवळणी पडेपर्यंत आणि तो किनारा ओळखणारा बडी मिळेपर्यंत तेथे उतरू नका.