महिन्याचे भाडे की दिवसाचे शूट?

तुमचे पत्र थोडक्यात असे. शहरापासून अडीच तासांवर, मोकळ्या माळावर तुम्ही दोघांनी उघड्या काँक्रीटचे आणि काचेचे एकमजली घर बांधले. कर्ज फिटले आहे, पण नातवंडांमुळे आता शहरातच राहावे लागते. एका कुटुंबाला हे घर वर्षभरासाठी भाड्याने हवे आहे. दुसरीकडे, चित्रीकरणासाठी जागा मिळवून देणारी एक एजन्सी सांगते की महिन्याचे भाडे शूटच्या एका दिवसात सुटेल, तिचे कमिशन 25 टक्के. पोहण्याचा तलाव केला तर मागणी वाढेल, असेही ती म्हणते. तलावाचा खर्च अडीच वर्षांच्या भाड्याइतका आहे आणि तो तुम्ही निवृत्तीच्या पुंजीतून करणार आहात. भाडेकरूला नाही म्हणू का, हा तुमचा प्रश्न.

भाडेकरूला होकार द्या आणि तलाव बांधू नका. घर लोकेशन म्हणून मात्र जरूर नोंदवा.

महिन्याचे भाडे 100 धरू. भाडेकरू वर्षाला 1200 देईल, शिवाय वीजबिल आणि बाग त्याच्याकडे. घर रिकामे ठेवले तर राखणदार, माळी आणि वीज मिळून महिन्याला साधारण 30, म्हणजे वर्षाला 360 तुमच्या खिशातून जातील. हे आकडे तुमच्याच पत्रावरून काढले आहेत. म्हणजे शूटमधून 1560 मिळाले तरच बरोबरी होईल. आता शूटचा एक दिवस पाहा. 100 मधून एजन्सीचे 25 गेले. साफसफाई, दिवसभर घरात हजर राहणारा तुमचा माणूस आणि लहानसहान मोडतोड यांना मी 15 धरते. हाती राहिले 60. म्हणजे वर्षाला 26 दिवस हवेत. तलावाचा खर्च दहा वर्षांत भरून काढायचा म्हटले तर वर्षाला 300, आणि गमावलेले व्याज व पाण्याची निगा मिळून जवळजवळ तेवढेच आणखी. त्यासाठी अजून 10 दिवस. थोडक्यात, माळावरच्या एका नव्या, अनोळखी घराला दरवर्षी 36 दिवस काम मिळायला हवे, आणि तेही फक्त भाडेकरूशी बरोबरी साधण्यासाठी. एजन्सीने दिवसाचा दर सांगितला, वर्षात किती दिवस मिळतील ते सांगितले नाही. लेखी विचारा.

माझी खरी काळजी अंतराची आहे. लॉस एंजेलिसच्या चित्रपट उद्योगात 30 मैलांचे एक वर्तुळ मानतात. त्याच्या बाहेर काम असेल तर युनिटच्या प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च निर्मात्यावर पडतो, म्हणून वर्तुळातल्या घरांना आधी पसंती मिळते. नियम तिथला असला तरी हिशेब सगळीकडे सारखाच. अडीच तास जायला आणि अडीच यायला, म्हणजे शिफ्टमधले पाच तास रस्त्यावर, नाहीतर सगळ्यांची राहण्याची सोय. वास्तुकार पिअर केनिग यांचे लॉस एंजेलिसमधले काचेचे स्टाल हाऊस 1960 साली छायाचित्रकार जूलियस शुलमन यांच्या छायाचित्राने जगभर पोचले आणि तिथे पुढे कितीतरी शूट झाली. पण ते घर स्टुडिओंच्या उशाशी आहे. त्याची कमाई डोळ्यांपुढे ठेवून माळावरच्या घराचा अंदाज बांधू नका.

मोठा चित्रपट मिळेल ही आशाही हिशेबात धरू नका. 'पॅरासाइट' या 2019 च्या चित्रपटातले ते देखणे आधुनिक घर पाहून अनेकांना पत्ता विचारावासा वाटला. तो सेट होता, चित्रपटासाठी उभारलेला. निर्मात्याकडे पैसा असेल तर कॅमेऱ्याला हवे तसे घर तो बांधून घेतो. 'एक्स माकिना'चा काही भाग नॉर्वेतल्या युवेत लँडस्केप हॉटेलमध्ये चित्रित झाला, पण ते हॉटेल 2010 पासून पाहुण्यांवर चालत होते. चित्रपट त्यावर आला तो वरकड म्हणून. मला तुमच्यासाठी हाच क्रम हवा आहे: आधी पक्के उत्पन्न, मग शूट.

पडद्यावर झळकले की घराची किंमत वाढेल, असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे. शिकागोजवळ हायलंड पार्कमध्ये झाडीत उभे असलेले 1953 चे पोलाद-काचेचे बेन रोझ हाऊस 'फेरिस ब्युलर्स डे ऑफ' या 1986 च्या चित्रपटाने घरोघरी पोचवले. 2009 मध्ये ते विक्रीला काढले तेव्हा मागणी होती 23 लाख डॉलर. गेले 2014 मध्ये, सुमारे 10.6 लाखांना. त्या काळात तिथला घरबाजार पडलेला होता हे खरे, पण प्रसिद्धीने त्याला तारले नाही.

तलावाबद्दल आणखी एक. तलाव असलेली घरे पुष्कळ आहेत. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत मला थांबवले ते पश्चिमेच्या सलग काचेने आणि तिच्यापलीकडच्या रिकाम्या क्षितिजाने. ते दुसऱ्याकडे नाही. लोकेशन मॅनेजर रेकीला, म्हणजे शूटआधी जागा पाहायला, येईल तेव्हा तो विचारेल: ट्रक दारापर्यंत येतो का, वळतो का? विजेचा लोड किती? जनरेटर व्हॅन आवाज पोचणार नाही इतकी लांब उभी करता येईल का? युनिट जेवायला कुठे बसेल? फाटकाजवळची वळणाची जागा मुरूम टाकून पक्की करायला तलावाच्या खर्चाचा लहानसा अंशही लागणार नाही, आणि ती भाडेकरूच्याही उपयोगी पडेल. शूटसाठी स्वयंपाकघर काळे रंगवण्याचा तुमचा बेतही राहू द्या. ज्याला काळे हवे तो स्वतःच्या खर्चाने रंगवेल आणि पूर्ववत करून देईल.

त्याआधी विमा. राहत्या घराच्या पॉलिसीत व्यावसायिक वापर बहुधा धरलेला नसतो. विमा कंपनीला न कळवता एकही शूट घेऊ नका, आणि निर्मात्याच्या दायित्व विम्यात तुमचे नाव घालून घ्या. शूटच्या करारात दिवसाचा दर पहिली गाडी फाटकात शिरल्यापासून शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत मोजलेला असावा, जादा तासांचा दर वेगळा. सामान लावण्याचा आणि काढण्याचा दिवस फुकट नाही. ऐन वेळी रद्द झाले तर किती मिळणार, डिपॉझिट किती, माणसे जास्तीत जास्त किती, हेही लिहून घ्या. फोटो शूटला दहा-पंधरा माणसे येतात, जाहिरातीला पन्नासाच्या वर सहज जातात. दोघांना एकच दर लावू नका. एजन्सीला एकाधिकार देऊ नका.

भाडेकरूशी करार करताना एक कलम टाका: वर्षात दहा दिवसांपर्यंत, पंधरा दिवस आधी कळवून, घर शूटला देता येईल आणि त्या प्रत्येक दिवसाचे भाडे माफ करून वर ठरलेला मोबदला मिळेल. कुटुंब तयार नसेल तर आग्रह धरू नका; मग हे वर्ष फक्त चौकशा मोजा. कोणी विचारले, कशासाठी, किती दिवसांसाठी, कोणता दर ऐकून मागे फिरले, हे वहीत लिहा. वर्षअखेर पक्क्या मागणीचे 26 दिवस भरले, तर भाडेकरार वाढवायचा का यावर पुन्हा बसू. सहा-सातच भरले, तर निवृत्तीची पुंजी जागेवर राहिली याचे मला फार समाधान वाटेल.

कुटुंबाला या आठवड्यात उत्तर द्यायचे आहे. होकार कळवा, पण सामान आत येण्यापूर्वी छायाचित्रकाराला दोन दिवस बोलवा. मावळतीचे सुंदर फोटो दोन-तीन पुरेत. प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून, दिवसाच्या उजेडात, आणि रस्ता, फाटक, विजेचा बोर्डसुद्धा.