नववीतली लेक आणि पीएसएटीचं गणित

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो, लेक नववीत आहे, शाळेत पीएसएटी ८/९ (आठवी-नववीच्या मुलांसाठी, कॉलेज प्रवेशाच्या एसएटीची सराव म्हणून असलेली परीक्षा) लॅपटॉपवर घेणारेत. तिचं गणित बरं आहे पण स्क्रीनवर गडबडते. क्लास लावू का?

उत्तर: अहो, क्लासची घाई कशाला! या परीक्षेचे मार्क कॉलेजला जातच नाहीत. ही परीक्षा ज्यात होते ते ब्लूबुक अ‍ॅप आधी डाउनलोड करा, सराव परीक्षा त्यातच फुकट आहेत. गणिताचे दोन भाग, प्रत्येकी २२ प्रश्न आणि ३५ मिनिटं, आणि पहिला भाग कसा गेला त्यावर दुसरा सोपा की अवघड ते ठरतं, आणि सोपा आला तर फार वरचे मार्क मिळत नाहीत, म्हणून सुरुवातीला घाईत चुका नकोत. चुकलं तरी मार्क कापत नाहीत, सो काही कोरं सोडायचं नाही. डेसमॉस कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच असतो, त्यात दोन समीकरणं टाकली की रेषा कुठे छेदतात ते दिसतं, याची सवय मात्र हवीच. आणि हो, उत्तर टाइप करायचं असेल तिथे साडेतीन म्हणजे ३.५ किंवा ७/२ लिहायचं, ३ १/२ लिहिलं तर कॉम्प्युटर ते ३१/२ समजतो! कच्चं काम कागदावरच करू दे, पोरं उगाच सगळं डोक्यात करायला जातात.