झेपेल का हो मला?

"हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय, आता नोकरी झेपेल का?" हा प्रश्न माझ्याकडे बऱ्याचदा बाईच्या आधी तिचा नवरा विचारतो, आणि उत्तरही घरून ठरवूनच आणतो.

सांगलीकडच्या एका पतसंस्थेत कॅशियर असलेल्या ताई. वय चाळिशीच्या आत. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. त्या तापाने झडप खराब केल्याचं कळलं ते धाप लागायला लागल्यावर. धातूची झडप बसवून चार महिने झालेले. बैठं काम करायला हरकत नाही, असं हृदयतज्ज्ञांनी लिहून दिलेलं. तरी यजमानांचं एकच, "पगारावाचून अडलंय का काही? घरी आराम करू दे."

मी ताईंना कालचा दिवस सांगायला लावला. पहाटे नळाला पाणी येतं, त्याच्या कळशा. सहा माणसांची कणीक. डबे. चादरी पिळून गच्चीवर वाळत घालणं.

"पाणी मी भरतो ना," यजमान मध्येच म्हणाले.

"रविवारी," ताई म्हणाल्या.

नोटा मोजण्यापेक्षा हे सगळं जड, पण आपल्याकडे त्याला आराम म्हणतात!

ताईंची धास्ती मात्र निराळीच होती. झडपेची टिकटिक काउंटरवर गिऱ्हाइकाला ऐकू आली तर? मी पंखा बंद केला, कान दिला. बारीक टिकटिक खरंच येत होती. पंखा लावल्यावर काही नाही. "आमच्याकडे पंखा बंद कुठे असतो!" म्हणत त्या पहिल्यांदा हसल्या.

मग मॅनेजरांशी बोलून ठरवलं: सुरुवातीला अर्धा दिवस, रोकड पेट्या शिपायाने उचलायच्या, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्या तपासणीच्या दिवशी उशिरा येण्याची मुभा. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज ठरल्या वेळी. डोकं दुखलं म्हणून शेजारणीच्या पर्समधली गोळी घ्यायची नाही, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पालेभाजीने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून पालेभाजी त्यांनी भीतीने बंदच केली होती. डॉक्टरांनी ती सुरू करून प्रमाण सारखं ठेवायला सांगितलं. ज्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे किंवा ज्यांना चक्कर येते, त्यांचं गणित वेगळं. तिथे कामाचा निर्णय हृदयतज्ज्ञांचाच.

ताई आता पूर्णवेळ जातात. यजमान आठवड्यातले तीन-चार दिवस पाणी भरतात. बाकीच्या दिवसांवरून अजून वाद चालू आहे.