हापूस हुंगणारे यंत्र आणि हप्त्याची 'एफडी'

प्रश्न : देवगडला हापूसची दीडशे कलमे आहेत, बऱ्या सालात 500 पेट्या होतात. वासावरून आंब्याची पक्वता सांगणारे इलेक्ट्रॉनिक नाक साडेचार लाखांना मिळते आहे. विक्रेता म्हणतो, पेटीमागे 100 रुपये जास्त मिळतील. तीन लाखांची एफडी मोडून उरलेले दीड लाख सोनेतारणावर काढू का? एफडीचा तिसरा हप्ता जूनमध्ये आहे. पावतीचा फोटो जोडला आहे. वय 41, दोन मुले.

उत्तर : एफडीला हप्ता नसतो. त्याकडे येतोच, आधी यंत्र.

विक्रेत्याचा शब्द खरा धरला तरी जास्तीचे उत्पन्न वर्षाला 50 हजार. साडेचार लाख पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला 90 हजार, सेन्सर बदलणे आणि सोनेतारणाचे व्याज वेगळे. हिशेब इथेच संपतो.

शिवाय हे नाक तुमच्या कामाचेही नाही. यातले मेटल ऑक्साइड सेन्सर तापवलेले असतात. फळातून उडणारी संयुगे लागली की त्यांचा विद्युतरोध बदलतो. कोणता वास ते त्यांना कळत नाही, फक्त एकूण नमुना उमटतो. तो ओळखायला तुमच्याच बागेतली, कापून ब्रिक्स (रसातल्या साखरेचे प्रमाण) मोजलेली शेकडो फळे आधी दाखवावी लागतात. एप्रिल-मेची कोकणातली दमट हवा नमुना हलवते आणि सेन्सर जुना झाला की पुन्हा शिकवणी. फळ बंद डब्यात ठेवून वास साठवायचा, मोजायचे, मग स्वच्छ हवेने नळी धुवायची : तासाला तीन-चार तपासण्या झाल्या तर खूप. तुमची फळे तीस हजार! आणि हापूस तुम्ही चौदा आण्यांवर (सोळापैकी चौदा भाग तयार), कडक असतानाच उतरवता. दरवळ आढीत (पेंढ्यात पिकायला ठेवल्यावर) येतो, पेटी भरताना हुंगायला फारसे काही नसतेच. पिकवणी कक्षात लॉटमागे दोन-चार फळे तपासणाऱ्या मोठ्या पल्प कारखान्याला याचा उपयोग असू शकतो. तुम्हाला पाण्याची बादली (तयार फळ बुडते, कोवळे तरंगते) आणि दोनेक हजारांचा रिफ्रॅक्टोमीटर (ब्रिक्स मोजणारे उपकरण) पुरे.

आता ती पावती. त्यावर पॉलिसी क्रमांक आहे, 'हप्ता भरण्याची मुदत 10 वर्षे' आहे, विसाव्या वर्षी 30 लाख आणि विमा 15 लाख. तुम्हाला एफडी म्हणून विमा विकला गेला. म्हणजे मोडायला तीन लाख नाहीतच. दोन हप्त्यांनंतर हमीचे सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच बंद केली तर परत मिळणारी रक्कम) साधारण भरलेल्याच्या 30 टक्के, म्हणजे 90 हजार. विशेष सरेंडर मूल्य जास्त असू शकते. आकडा कंपनीकडून लेखी घ्या.

परतावा? दहा हप्त्यांचे 15 लाख सरासरी साडेपंधरा वर्षे अडकून दुप्पट होतात. पैसे दुप्पट होण्याचा ढोबळ नियम, 72 भागिले वर्षे, म्हणजे 72 भागिले साडेपंधरा : साडेचार टक्क्यांच्या आसपास. तेच हप्ते पीपीएफमध्ये, आजचा 7.1 टक्के दर टिकला तर, वीस वर्षांनी 44 लाख. 'गेले ते गेले, आता पुढचे बघू' म्हणून 90 हजार आणि उरलेले आठ हप्ते धरले तरी पावणेसहा ते सहा टक्केच पडतात.

तेव्हा जूनचा हप्ता भरू नका, पण घाईने सरेंडरही नको. क्रम असा : आधी एक कोटीचा टर्म प्लॅन (बचत नसलेला, निव्वळ विमा). तुमच्या वयाला साठीपर्यंत वर्षाला साधारण 20 हजार. तो मंजूर होऊन कागद हाती येईपर्यंत जुना विमा चालू ठेवा. वार्षिक हप्ता भरायला 30 दिवसांची वाढीव मुदत मिळते, तेवढे दिवस विमा चालू राहतो, म्हणून अर्ज याच आठवड्यात करा. मग पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेची पॉलिसी तशीच ठेवणे) आणि सरेंडर दोन्हींचे आकडे समोर ठेवून ठरवा.

सोबत तक्रार. फ्री-लूकचे (घेतल्यावर लगेच पॉलिसी परत करण्याचे) दिवस केव्हाच गेले, म्हणून आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी. महिन्यात उत्तर नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे, तिथे फी नाही. मागणी एकच : दोन्ही हप्ते पूर्ण परत. 'साहेब एफडीच म्हणाले होते' हे तोंडी कुणी ऐकणार नाही. विक्रीच्या वेळच्या लाभ-तक्त्याची आणि प्रस्ताव अर्जाची प्रत मागवा. उत्पन्नाच्या रकान्यात कुणी काय भरले आहे आणि खालची सही तुमचीच आहे का, ते आधी पाहा; पुरावा तिथेच मिळू शकतो.