दक्षिण प्रशांत महासागरातल्या पिटकेर्न बेटावर खरंच बंडखोर खलाशांचे वंशज राहतात का?

हो, आजही राहतात. पन्नासच्या आसपास माणसं.

ब्रिटिश नौदलाचं ‘बाउंटी’ हे जहाज त्याच महासागरातल्या ताहिती बेटाहून नीरफणसाची रोपं घेऊन वेस्ट इंडीजला निघालं होतं. तिथल्या गुलामांना स्वस्तात पोसायचं होतं. 28 एप्रिल 1789 रोजी जहाजावरचा एक अधिकारी फ्लेचर ख्रिश्चन याने बंड केलं आणि कप्तान ब्लायला 18 जणांसह एका होडीत सोडून दिलं. (ती होडी ब्लायने थेट हजारो किलोमीटरवरच्या तिमोर बेटापर्यंत नेली!)

जानेवारी 1790 मध्ये 9 बंडखोर पिटकेर्नला पोचले. नकाशात या बेटाची जागाच चुकीची दाखवलेली, म्हणून लपायला उत्तम. जहाज त्यांनी जाळून टाकलं. पण सोबत 6 पॉलिनेशियन पुरुष आणि डझनभर बायकाही होत्या, त्यांतल्या अनेकींना फसवून आणलेलं, हे सांगायचं बहुतेक लोक विसरतात. त्या पुरुषांना गुलामासारखं वागवलं गेलं, जमिनीतही वाटा दिला नाही. त्यातून खुनाखुनी झाली. 1808 मध्ये एक अमेरिकन जहाज तिथे पोचलं तेव्हा पुरुषांपैकी एकटा बंडखोर जॉन अ‍ॅडम्स जिवंत होता. बेट पुढे जगवलं ते त्या बायकांनी आणि त्यांच्या मुलांनी.

1856 मध्ये सगळे ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या नॉरफोक बेटावर गेले, पण काही कुटुंबं थोड्याच वर्षांत परतली. आजची वस्ती मुख्यतः त्यांचीच.