एजंटला टूल समजावून सांगताना

मेसेज पाठवण्याच्या कामाला एआय एजंट लावलेल्या वाचकांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ टूलच्या, म्हणजे एजंट ज्या कोडकडून काम करून घेतो त्याच्या, वर्णनात सापडते. एजंटमागच्या एआय मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. त्याला दिसते ते टूलचे नाव, वर्णन आणि पॅरामीटरची, म्हणजे टूलला भरून द्यायच्या रकान्यांची, यादी, बस्स.

प्रश्न : सांगली मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान आहे. एजंट शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर विक्रीच्या हिशेबाची पट्टी पाठवतो. एका पाटलांची पट्टी दुसऱ्याच पाटलांना गेली. टूलचे वर्णन ‘मेसेज पाठवते’ एवढेच आहे.

‘मेसेज पाठवते’ हे टूलच्या नावावरूनच कळते, त्यामुळे वर्णनाची जागा रिकामीच राहिली. नव्या दिवाणजीला पहिल्या दिवशी जे बजावून सांगाल, ते तिथे लिहा. उदाहरणार्थ : ‘एकाच खातेदाराला व्हॉट्सॲपवर पट्टी पाठवते. गेलेला मेसेज या टूलने परत घेता येत नाही. खातेदाराचा आयडी “खातेदार शोधा” या टूलकडूनच घ्यावा, नावावरून अंदाजाने लिहू नये. एकापेक्षा जास्त नावे जुळली तर न पाठवता गाव विचारावे. गटाला पाठवण्यासाठी हे टूल वापरू नये.’

यातले प्रत्येक वाक्य एकेक चूक अडवते. पण शोधणारे टूल नुसते नाव आणि आयडी परत देत असेल, तर सात पाटलांतून एक निवडायला एजंटकडे आधारच नसतो. तो बहुधा पहिला उचलतो. म्हणून शोधाच्या उत्तरात गाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे हवेतच. पॅरामीटरला नुसते ‘कोणाला’ असे नाव दिले, की त्यात नाव, नंबर, गट काहीही भरले जाते. ‘खातेदार आयडी’ म्हणा आणि शेजारी एक नमुना द्या.

आणखी एक, आणि हे फार महत्त्वाचे : वर्णनातली मनाई म्हणजे कुलूप नव्हे. आयडी खातेवहीत नसेल तर कोडनेच नकार द्यावा, आणि पैशांचा आकडा असलेला मेसेज माणसाने पाहिल्याशिवाय जाऊ नये.

प्रश्न : कराडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एजंट शिफ्टचे निरोप स्लॅक या कामाच्या चॅट ॲपवर आधीच लावून ठेवतो. सकाळी दहाचा निरोप दुपारी साडेतीनला पडतो.

बरोबर साडेपाच तासांचा फरक आहे. एजंटने १०:०० लिहिले आणि टूलने ती यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, धरली. स्लॅकला लावून ठेवलेल्या मेसेजची वेळ १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत लागते. हा हिशेब मॉडेलवर सोडू नका. पॅरामीटरच्या वर्णनात लिहा : ‘भारतीय वेळ, २४ तासांचे घड्याळ, वर्ष-महिना-दिवस तास:मिनिटे, उदा. २०२६-०३-०९ १६:४५’. सेकंद कोडने काढावेत. तिथे मिलिसेकंद गेले तर आकडा हजारपट होतो आणि स्लॅक तो घेत नाही, कारण १२० दिवसांपलीकडचा मेसेज लावता येत नाही. ही मर्यादाही वर्णनात असू द्या.

आपल्या भाषेतली एक खाच वेगळी सांगायला हवी. ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही. ‘परवाचा निरोप पुन्हा टाक’ आणि ‘परवा निरोप टाक’ यांतला नेमका दिवस एजंटला आजची तारीख माहीत असेल तरच काढता येतो. ती प्रत्येक संभाषणाच्या सुरुवातीला द्या. पावणेपाच, अडीच अशा शब्दांची आकड्यांतल्या वेळेशी एकेक जोडीही (पावणेपाच म्हणजे ४:४५) वर्णनात घाला. सकाळ की दुपार हे स्पष्ट नसेल तर विचारावे, असे लिहा.

प्रश्न : तासगावातील आमच्या बेदाण्याच्या शीतगृहात सौद्यानंतर दोन-तीन दिवसांनी व्हॉट्सॲप मेसेज जात नाहीत, आणि एजंट तोच मेसेज पाच-सहा वेळा पाठवून बघतो.

व्हॉट्सॲपच्या व्यवसाय सेवेत ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासच मोकळा मजकूर पाठवता येतो. त्यानंतर फक्त मंजूर टेम्पलेट, म्हणजे व्हॉट्सॲपने आधीच मान्य केलेला ठरावीक मजकूर, चालते. म्हणून टूल दोन करा, एक उत्तरासाठी आणि एक टेम्पलेटसाठी, आणि प्रत्येकाच्या वर्णनात दुसऱ्याकडे कधी वळायचे ते लिहा. टेम्पलेटचे नाव एजंटला टाइप करू देऊ नका; मंजूर नावांची ठरावीक यादी पॅरामीटरमध्येच द्या.

पुन्हा पुन्हा पाठवण्याचे कारण तुमच्या त्रुटीसंदेशात आहे. टूलने ‘अयशस्वी’ एवढेच सांगितले, तर पुन्हा प्रयत्न करणे हाच एजंटला दिसणारा मार्ग. त्याऐवजी परत द्या : ‘२४ तासांची मुदत संपली. पुन्हा पाठवू नये, टेम्पलेटचे टूल वापरावे.’ नेट अडखळले तर मेसेज पोचूनही उत्तर येत नाही. त्यासाठी प्रत्येक मेसेजला कोडमध्ये स्वतंत्र क्रमांक देऊन तोच क्रमांक दुसऱ्यांदा नाकारावा.

प्रश्न : वर्णन मराठीत लिहिले तर चालेल का? किती लांब? (सातारा)

चालेल. टूल आणि पॅरामीटरची नावे मात्र (वर समजण्यासाठी मराठीत दिली तीही) रोमन अक्षरांत ठेवा, कारण बऱ्याच सेवा तीच स्वीकारतात. देवनागरीला बहुतेक मॉडेलांत टोकन (मॉडेल मजकुराचे जे तुकडे मोजते ते) जास्त लागतात आणि वर्णने दर विनंतीबरोबर जातात, म्हणून टूल खूप असतील तर खर्च जाणवतो. साध्या शोधाला तीन-चार वाक्ये पुरतात, पाठवणाऱ्या टूलला जास्त लागतील.

लांबी ठरवण्यापेक्षा तपासा. रोजच्या बोलण्यातली वीसेक वाक्ये जशीच्या तशी घ्या, ‘तासगावच्या पाटलांना पट्टी पाठव’, ‘उद्या सौदा नाही म्हणून सगळ्यांना कळव’ अशी, आणि चाचणीच्या नंबरवर चालवा. कोणते टूल निवडले आणि त्यात काय भरले, दोन्ही पाहा. चुकले तिथे एकच वाक्य बदला आणि वीसही पुन्हा चालवा. एक दुरुस्ती दुसरीकडे बिघाड करते, ते तेव्हाच दिसते.